अकरा सेकंदांची शांतता

आमची आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि घरी आली की इटालियन ऑपेरावर लिहायची. घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "त्या बाईला मरायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ ती गातच असते!" हे बाबांचं एकूण मत. आत्या म्हणायची, "तुला साधी सर्दी झाली की तू किती गातोस, ते वहिनीला विचार."

शब्दकोश पुढ्यात घेऊन ती इटालियन शिकली. एका मासिकात चाळीस वर्षं लिहीत राहिली. प्रत्यक्ष ऑपेरा मात्र तिने कधी पाहिला नव्हता. दुकानातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकाने आपल्या रेकॉर्डवरून कॅसेटी भरून दिल्या होत्या, त्यांवरच सगळा डोलारा.

निवृत्तीनंतर एकदाचं पुस्तक ठरलं. त्यातलं सगळ्यांत लाडकं प्रकरण अकरा सेकंदांवर होतं. नायिका निरोप घेते आणि सगळी वाद्यं गप्प होतात. त्या शांततेवर आत्याने सोळा पानं लिहिली होती. वाचून मीही रडले होते, खोटं कशाला बोलू!

पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात तोच ऑपेरा चित्रपटगृहात दाखवणार होते. मी तिला घेऊन गेले. नायिकेने निरोप घेतला. आत्याने माझा हात घट्ट धरून डोळे मिटले. वाद्यं वाजतच राहिली. क्षणभरसुद्धा थांबली नाहीत.

मध्यंतरात ती पांढरीफटक पडली होती. "रेकॉर्डची बाजू संपली होती गं. कॅसेट भरताना ते गिऱ्हाईक आजोबा उठून ती उलटत होते. आणि मी त्यावर सोळा पानं लिहिली!"

मला आधी हसू फुटलं, मग तिच्याकडे बघून मी ते गिळलं. आता ही पुस्तकच काढणार नाही, असं वाटलं.

प्रकाशक फोनवर म्हणाले, "ताई, कुणाला कळणार आहे? असू द्या तसंच."

"मला कळलंय ना! पंधरा दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच खेळाला जाऊन बसली, या वेळी डोळे उघडे ठेवून, मांडीवर वही घेऊन. बाहेर आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. "ती रडते, तरी गाणं थांबत नाही गं. मी उगाच थांबवून ठेवलं होतं."

पंधरा दिवस म्हणता म्हणता तिने महिना खाल्ला. पुस्तक आलं. पहिल्याच पानावर होतं: 'मी चुकले होते, आणि खरं त्याहून सुंदर निघालं.'