सात नंबरचं बटण

मोठ्या सिस्टरांना घाबरत नाही असा माणूस त्या वॉर्डात शोधूनही सापडला नसता. चादरीची घडी वाकडी असली तर त्यांना दारातूनच दिसायची, आणि ज्या मुलीनं ती घातली असेल तिची मग शंभरी भरलीच. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली चौदा वर्षं याच हाडांच्या वॉर्डात. घरी त्यांचे यजमान, बसचे निवृत्त कंडक्टर, आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्याकडे दोघंही घंटीचं खाणारे. मी मारली की गाडी हलायची, हिच्याकडे कुणी मारली की ही हलते." सिस्टर दर वेळी हसायच्या. परवा मात्र पाहुण्यांसमोर यजमानांनी हा विनोद पुन्हा केला, तेव्हा त्या उठून आत गेल्या.

कारण घंटीचंच होतं. वॉर्डात प्रत्येक खाटेला वायरीला लटकणारं एक बटण असतं. रुग्णानं दाबलं की सिस्टरांच्या टेबलासमोरच्या फळीवर त्या नंबरचा लाल दिवा लागतो आणि टुंग असा आवाज होतो. बटण चादरीला पिनेनं अडकवून रुग्णाच्या हाताशी ठेवायचं, हा नियम. पण नियमाच्या पोटात एक रिवाजही होता. एखादा रुग्ण फारच टुंगटुंग करायला लागला की कुणीतरी ती वायर हळूच उशामागच्या सलाइनच्या हुकावर टांगून ठेवायचं. याला वॉर्डात "आराम देणं" म्हणत. "चार नंबरला जरा आराम दे गं," एवढं म्हटलं की झालं. आराम कुणाला मिळायचा ते उघड आहे.

मोठ्या सिस्टर यावरून मुलींना फैलावर घेत. एका नवीन मुलीला तर त्यांनी सगळ्यांसमोर रडवलं होतं. "ते बटण म्हणजे त्या माणसाचा आवाज आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तू त्याचा गळा दाबलास." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सात नंबरवर सुतारकाका होते. वय बहात्तर, खुब्याचा सांधा बदललेला, बायको गेलेली, लेक शाळेत शिक्षिका, ती संध्याकाळी यायची. आयुष्यभर दारं-खिडक्या केलेला हा माणूस आठ तासांत अठरा वेळा बटण दाबायचा. पडदा सरकवा, पंखा कमी करा, किती वाजले, पडदा पुन्हा सरकवा. मुलींनी त्यांचं नाव टुंगकाका ठेवलं होतं.

त्या दुपारी दोन मुली रजेवर होत्या आणि तीन नंबरचा माणूस नुकताच ऑपरेशन होऊन आला होता. त्याचं ब्लडप्रेशर उतरत चाललं होतं. सिस्टर तिकडे धावत असतानाच सातचा दिवा लागला. त्या आल्या. काका म्हणाले, "सिस्टर, पडदा जरा ओढून घेता का?"

पडद्याला काय धाड भरली होती? सिस्टरांचं डोकं फिरलं. "काका, पाच मिनिटं तरी जीव खाऊ नका," असं म्हणत त्यांनी पिन काढली आणि वायर उचलून हुकावर टांगली. काकांनी हुकाकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे पाहिलं.

पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. तीन नंबरचा माणूस वाचला, आणि तो सिस्टरांमुळेच वाचला, हेही खरं. मग धप्प असा आवाज आला.

काका खाटेपासून दोन पावलांवर पडले होते. पाय नको त्या दिशेला वळलेला, पायजमा ओला. सिस्टर धावल्या, आणि त्यानंतर जे घडलं ते त्यांना आजही अंघोळ करताना, भाजी निवडताना, कधीही आठवतं आणि कानाच्या पाळ्या तापतात. त्या काकांकडे वाकल्या नाहीत. आधी त्यांचा हात हुकाकडे गेला. वायर काढली, बटण चादरीवर टाकलं, आणि मग वॉर्डबॉयला "मामा, धावा!" अशी हाक मारली. आधी हूक, मग माणूस. काका जमिनीवरून ते बघत होते.

रिपोर्टात त्यांनी लिहिलं, "बटण रुग्णाच्या हाताशी होतं. रुग्ण न सांगता उठला." पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या रिपोर्टात हेच वाक्य असतं. लिहिताना डोकं लागत नाही, पेन आपोआप चालतं.

सांध्याखालचं हाड मोडलं होतं. पुन्हा ऑपरेशन, आणि अजून सहा आठवडे खाट. संध्याकाळी लेक आली ती कडाडलीच. "बाबा, शंभरदा सांगितलं होतं ना, बटण दाबा म्हणून! लहान आहात का तुम्ही? मी नोकरी बघू, घर बघू, की तुमचे हट्ट बघू?"

"चुकलं माझं," काका म्हणाले.

सिस्टर हातभर अंतरावर उभ्या राहून तक्ता भरत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर पुरला असता. त्यांनी तक्त्याची पुढची ओळ भरली. दुसऱ्या दिवशी मेट्रन चौकशीला आल्या, तेव्हाही काका म्हणाले, "बटण होतं की हाताशी. मीच आगाऊपणा केला."

सिस्टरांना आधी हायसं वाटलं. मग वाटलं, केवढं मोठं मन या माणसाचं! त्या उपकाराची फेड म्हणून की काय, त्या काकांची दाढी स्वतः करू लागल्या, गरम पाणी स्वतः आणू लागल्या. काका "राहू द्या, राहू द्या" म्हणत. पण सातचा दिवा त्यानंतर लागलाच नाही. बटण दोन पिनांनी चादरीला अडकवलेलं असायचं आणि काका त्याला हात लावायचे नाहीत. दोनदा सकाळी चादर ओली सापडली. बदलताना मावशी कुरकुरल्या.

वॉर्डबॉय मामा चादर घेऊन जाताना सहज म्हणाले, "सिस्टर, त्यांना बायकांकडे लघवीचं भांडं मागायची लाज वाटते हो. मी असलो की मला सांगायचे. तुम्ही कुणी गेलात की आधी पडदा ओढायला सांगायचे. पडदा झाला की मग धीर करून भांड्याचं. निम्म्या वेळा तोवर मुली निघून जायच्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतरही सिस्टरांना ते कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार तो हाच. पडदा म्हणजे अर्धं मागणं होतं, आणि त्या दुपारी त्यांनी ते हुकावर टांगलं होतं.

त्या खुर्ची ओढून काकांजवळ बसल्या. "काका, तुम्ही मेट्रनबाईंना खोटं का सांगितलंत?"

काका छताकडे बघत म्हणाले, "सिस्टर, मला इथं अजून महिनाभर पडायचंय. कूस बदलायची तर तुम्ही, पाणी पाजायचं तर तुम्ही. तुमच्याशी वाकडं घेऊन जाऊ कुठे? अडला हरी... पुढचं तुम्हाला येतच असेल."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मोठं मन कसलं! तो माणूस त्यांना भीत होता. दाढी करताना मान ताठ धरायचा, तीही भीतीनंच.

"आमच्या धंद्यात पण चालतं हे," काका पुढे म्हणाले. "माप चुकलं की गिऱ्हाइकाला सांगायचं, लाकडात गाठ होती. लाकूड काय बोलणार?"

रात्री सिस्टर घरी जेवायला बसल्या. यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं, फक्त हुकाचं सोडून. मग ताट बाजूला सारून तेही सांगितलं. यजमानांनी या वेळी विनोद केला नाही. "मेट्रनला सांगणार असशील तर हुकासकट सांग," ते म्हणाले. "अर्धं सांगायचं असेल तर जाऊच नकोस."

मेट्रननं कपाळाला हात लावला. "अहो, म्हातारा स्वतःच कबूल करतोय. तुमची चार वर्षं राहिली आहेत. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या ना."

"लिहून घ्या, बाई," सिस्टर म्हणाल्या. "टांगलं मी, काढलं मी, खोटं लिहिलं तेही मीच."

संध्याकाळी त्यांनी लेकीलाही काकांसमोरच सांगितलं. शिव्या खायची तयारी करून गेल्या होत्या. पण लेक त्यांच्याकडे वळलीच नाही. तिनं वडिलांचा हात धरला. "बाबा, मी तुम्हाला काय काय बोलले! तुम्ही ऐकून कसं घेतलंत?" ती रडत राहिली, काका तिला थोपटत राहिले, आणि सिस्टर तिथं कुणाच्याच खिजगणतीत नव्हत्या. शिव्या परवडल्या असत्या.

चौकशी बसली. एक तारखेपासून त्यांनी वॉर्ड सोडून बाहेरच्या तपासणी विभागात जायचं, असं ठरलं. मुलींना त्यांनीच सगळं सांगितलं होतं. त्या एकदा रडवलेल्या मुलीनं ऐकताना मान खाली घातली. लाज सिस्टरांची, आणि मान त्या पोरीची खाली!

महिना संपायला तीन दिवस उरले होते. दुपारी सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या, आणि टुंग झालं. सातचा लाल दिवा. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. सिस्टर चोपन्नाव्या वर्षी पोरीसारख्या धावत गेल्या.

"काय हवंय, काका?"

काकांनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "भांडं हवंय," ते म्हणाले, सहा आणि आठ नंबरलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि तुम्ही नको. मामांना पाठवा."

सिस्टरांचा चेहरा तापला. "बरं," त्या म्हणाल्या. पडदा ओढला. बटण काकांच्या मुठीतच होतं, तेवढं बघून त्या मामांना शोधायला निघाल्या.

मामा जिन्यात सापडले तोवर मागून पुन्हा टुंग ऐकू आलं, लगेच आणखी एकदा.

"पळा," सिस्टर म्हणाल्या, "ते थांबायचे नाहीत आता."