रुमाल टाकून गेलेला आमदार

भरसभेत पाठ फिरवून निघून जाणं आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्याच सभेत परत येऊन समोरच्याकडून हवं ते पदरात पाडून घेणं, ही दोन्ही कामं एकाच सकाळी उरकणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. विधानसभेत त्यांना काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवाय त्यातलं बरंचसं कामकाजातून काढून टाकलेलं आहे. मुळात त्यांच्याविषयी मी प्रेमाने लिहावं हाच एक चमत्कार आहे. हैदराबादेत मराठी शाळेचं तोंड न पाहिलेली मी मराठी शिकले ती बाबांच्या चळवळीतल्या पत्रकांवरून, त्यामुळे मी लिहिलेलं पहिलं पूर्ण वाक्य 'आम्ही याचा जाहीर निषेध करतो' असं होतं, आणि ते शेवयांच्या खिरीबद्दल होतं. विरोध म्हणजे विरोध, त्यात अर्धामुर्धा काही नसतं, अशी माझी तेव्हापासूनची समजूत. आणि आतोबा जन्मभर विरोधी पक्षात बसूनही ज्याच्याशी भांडतात त्याच्याच पानात ठेचा वाढतात.

ठेच्याचं मी अलंकाराने म्हणत नाही. आत्या रोज डब्यात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा देते. अकरा वाजता आतोबा उभे राहून नगरविकास मंत्र्यांना 'गरिबाच्या पोटावर बुलडोझर फिरवणारा माणूस' म्हणतात आणि एक वाजता त्याच माणसाला उपाहारगृहात हाक मारतात, "ओ मंत्रीसाब, आइये, आज अंबाडा है." एकदा तो ठेचा खाऊन मंत्री डोळे पुसत बाहेर आले, तर दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आलं की विरोधकांच्या घणाघाती भाषणाने मंत्री गहिवरले. आतोबांनी ते कात्रण आत्याला दाखवलं. "माझं भाषण नव्हे, तुझी मिरची," ते म्हणाले. आत्या म्हणाली, "मग मलाच उभं करा पुढच्या वेळी."

सभागृहात ते तीन भाषांत वावरतात आणि प्रत्येकीला काम नेमून दिलेलं आहे. टीका तेलुगूत, कारण ती मतदारसंघात पोचते. टोमणा दखनीत, कारण तो दुसऱ्या कुठल्या भाषेत इतका नीट लागतच नाही. माफी मात्र मराठीत. अध्यक्षांनी शब्द मागे घ्यायला सांगितलं की आतोबा हात जोडून खणखणीत मराठीत दिलगिरी व्यक्त करतात, समोरच्या बाकांवर "क्या बोले, क्या बोले" अशी कुजबूज होते, आणि कोणाला काही कळायच्या आत ते खाली बसलेले असतात. भांडणाआधी ते ग्लासभर ताक पितात. भरल्या पोटी माणूस आळशी होतो आणि रिकाम्या पोटी खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आणि विधेयक कसलंही असो, ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या जोडपत्रापर्यंत पेन्सिल घेऊन वाचतात. सरकारी पक्षाचे आमदार मधल्या वाटेत त्यांना गाठून हळूच विचारतात, "अन्ना, हमारे बिल में है क्या?" आतोबा खरं तेच सांगतात आणि शेवटी त्याचे तोटेही ऐकवतात.

पण त्यांची खरी खूण म्हणजे रुमाल. गौलीगुड्यात बसअड्ड्यामागच्या गल्लीत ते वाढले. तिथला नियम असा, की बस लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. मग तुम्ही खुशाल चहा पिऊन या, जागा तुमची. भल्याभल्यांशी हाणामारी करणारी माणसंदेखील दुसऱ्याच्या रुमालावर बसत नसत. आतोबांनी हा कायदा तसाच विधानसभेत नेला. पक्षाने सभात्याग पुकारला की ते सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्या आवाजात बाहेर पडतात, पण निघताना खिशातला चौकड्यांचा रुमाल बाकावर टाकून जातात. मी एकदा विचारलं, "आतोबा, हे काय नाटक?" तर म्हणाले, "पोरी, उठून गेलो म्हणजे सोडून गेलो नाही. लोकांनी दिलेली जागा आहे, कोणी बसलं तर?" घरीसुद्धा तेच. दुधीभोपळा दिसला की घोषणा देऊन पानावरून उठतात, पाटावर रुमाल ठेवतात आणि ताकभाताच्या वेळेला परततात. "रुमालाला वाढायचं की नाही ते मी ठरवीन," आत्या म्हणते, आणि वाढते.

या सगळ्याची परीक्षा झाली ती फेरीवाल्यांच्या विधेयकात. रस्ते मोकळे करण्यासाठी अफझलगंजसारख्या बाजारांतल्या पथारीवाल्यांना उठवण्याचा अधिकार सरकारला हवा होता. उठवून बसवणार कुठे, याबद्दल विधेयकात अक्षर नव्हतं. माझं रक्त उसळलं. मी पत्रक लिहिलं, 'एकही कलम मान्य नाही', आणि वाटण्याआधी आतोबांकडे घेऊन गेले. त्यांनी ते वाचलं, भाषा चांगली आहे म्हणाले, मग कागद उलटा करून पाहिला. "मागची बाजू कोरी का?"

"मागे काय लिहायचं?"

"पुढे लिहिलंस काय नको. मागे लिही काय हवं."

"काय हवं ते मागणं म्हणजे त्यांचं बिल मानणं," मी म्हणाले. "तुमच्या गटनेत्यांचंही हेच मत आहे."

"हौ, त्याच्याही कागदाची मागची बाजू कोरीच असते," आतोबा म्हणाले आणि आत्याकडे ताक मागितलं.

त्यांना हवी होती एकच ओळ: पर्यायी जागा दिल्याशिवाय कोणालाही उठवता येणार नाही. तशी दुरुस्ती त्यांनी रीतसर दिलीही होती. अडचण अशी, की दुरुस्ती पुकारली जाते तेव्हा ती देणारा सभागृहात हजर राहून 'मांडतो' म्हणाला नाही, तर ती तिथेच बाद होते. आणि पक्षाने ठरवलं होतं की विधेयक चर्चेला आलं की सगळ्यांनी सभात्याग करायचा. गटनेत्यांनी बजावलं होतं, जो आत राहील त्याने पुढच्या निवडणुकीत तिकिटाची आशा ठेवू नये.

बाहेर पडून काय होतं हे आतोबांना आधीच्या अधिवेशनात कळलं होतं. तेव्हा पथारीवाल्यांच्याच प्रश्नावर सभात्याग करून ते थेट अफझलगंजला आले होते. मी बरोबर होते. तिथे ग्रंथालयासमोर गाडीवर केळी विकणारी यादम्मा आहे, तिला त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की तुमच्यासाठी आम्ही सगळे बाहेर पडलो. यादम्मा फणी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बाहर आ के क्या करते साब? बाहर तो हम हैच ना. तुम अंदर बैठो." आतोबांनी त्या दिवशी डझनभर केळी घेतली आणि घरी येऊन आत्याला तिचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

विधेयकाच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात होते. आतोबांचा बेत साधा होता. सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं, पायऱ्यांवर कॅमेऱ्यांसमोर पहिली घोषणा आपण द्यायची, मग पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे सरायचं आणि आपलं कलम येईपर्यंत जागेवर हजर व्हायचं. सुरुवात तशीच झाली. मंत्र्यांकडे बोट रोखून ते गरजले, रुमाल टाकला आणि निघाले. पण एका गोष्टीत ते चुकले. किती वेळ लागेल याचा त्यांचा अंदाज आयुष्यभर स्वतःच्याच पक्षाच्या गोंधळावर बेतलेला होता. विरोधकच नाहीत म्हटल्यावर विधेयक रिकाम्या रस्त्यावरच्या बससारखं धावत सुटलं. कलम वाचलं, मंजूर. पुढचं वाचलं, मंजूर. आतोबांची घोषणा बाहेरून ऐकू येत होती, आणि आत अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं.

बाक रिकामा. त्यावर चौकड्यांचा रुमाल. सज्जाचा कठडा मी दोन्ही हातांनी धरला होता. सगळ्या विधेयकाला विरोध करणारी मी, मनातल्या मनात त्या एका ओळीसाठी आतोबांना हाका मारत होते.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं, आणि नगरविकास मंत्री उठले. मंत्रीही गावाकडून बसने येऊनच नारायणगुड्याच्या कॉलेजात शिकलेले. ते शांतपणे म्हणाले, "स्पीकर साब, मेंबर बाहर गये, मगर रुमाल हाजिर है. रुमाल रख के गया सो आदमी वापस आताच." अध्यक्ष हसले. कोणीतरी हरकत घेतली की रुमालाला सदस्यत्व नाही. त्यावर आणखी हशा झाला, आणि तो हशा ओसरायच्या आत दार उघडलं. तुटलेली चप्पल हातात धरून आतोबा धापा टाकत उभे होते. "मांडतो," ते म्हणाले. घाईत मराठीतच म्हणाले, पण या वेळी ते सगळ्यांना कळलं.

मंत्र्यांनी ती ओळ स्वीकारली. पथारीवाल्यांची माणसं समितीवर घ्या ही दुसरी मागणी मात्र साफ फेटाळली. आतोबांनी त्यांचे मनापासून आभार मानले, आणि लगेच संपूर्ण विधेयक मताला आलं तेव्हा त्या रिकाम्या बाकांमधून एकट्याने, छप्पर हलेल अशा आवाजात 'नाही' म्हटलं. समोरून एक आमदार ओरडला, "अरे, तुम्हारीच लाइन ली ना?" आतोबा म्हणाले, "लाइन मेरी है मियाँ, बिल तुम्हारा है."

यादम्माची गाडी अजून अफझलगंजमध्येच आहे. नवी जागा आधी मिळाली, जुनी मग गेली. आतोबा पाहायला गेले तर ती म्हणाली, इथे सावली नाही. ते पुन्हा पेन्सिल घेऊन बसले आहेत. मीही पत्रकं लिहितेच, तितक्याच रागाने. फक्त आता ती पाठपोट छापली जातात आणि मागची बाजू लिहायला मला पुढच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिकिटाचं काय होईल ते माहीत नाही. गटनेत्यांनी तूर्तास त्यांना पहिल्या रांगेतून उचलून अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसवलं आहे. आत्याला वाईट वाटलं. "उलट बरं झालं," आतोबा म्हणाले, "जायला-यायला जवळ."

पण त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पायऱ्या उतरून पुन्हा चढून यायला त्यांना दर अधिवेशनात थोडा जास्त वेळ लागतो. परवा मी सज्जात होते. सभात्याग झाला, शेवटच्या बाकावर रुमाल पडला, दार बंद झालं. मंत्री उत्तर देत होते. त्यांचं उत्तर खरं तर संपलं होतं, पण ते खाली बसेनात. आधी सांगितलेलंच त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, मग चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला, आणि अध्यक्षांकडे न बघता दाराकडे बघत पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली.