उलट्या बाजूची बटणं

माझी भाची माझ्याच शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करते. अकरा वर्षं झाली. बोलणं कमी, हात चोख. दुपारी शटर अर्धं ओढलं की कापायच्या टेबलावर चित्र काढत बसते. जपानी कार्टूनमधली एक पोरगी आहे, मेलेल्या भावाचा लष्करी कोट घालून लढणारी. कायम तिचीच चित्रं. मी म्हणायचे, "अगं, हे डोळे आहेत की बशा?" ती हसायची आणि कोपऱ्यात बारीक सही करून चित्र फोनवरून नेटवर टाकायची.

शेवटचं चित्र तीन महिने चाललं. टाकल्यावर आठवड्यात ते एका मोठ्या पेजवर झळकलं. कोपरा कापलेला, सही गायब, वर पेजवाल्याचं नाव. लाखभर लोकांची वाहवा. माझं डोकंच फिरलं.

त्यात एक चूक होती. भावाचा कोट, म्हणजे पुरुषी; बटणं उजवीकडे हवीत, डावीकडे असतात ती बायकांची. आमची भाची अकरा वर्षं बायकांच्याच कपड्यांना बटणं लावतेय; हाताच्या सवयीने तिने ती डावीकडे काढली. खाली कुणीतरी विचारलंही, बटणं उलटी का? तर हा शहाणा लिहितो, "मुद्दाम. आता ती स्वतःचा कोट घालते." आमच्या चुकीचा अर्थही लावून मोकळा!

भाचीने त्याला लिहिलं. तेही 'दादा' म्हणून! मी असते तर सात पिढ्या उद्धरल्या असत्या. उत्तर आलं, "ती पोरगी तुझ्या बापाची आहे का? तू तरी तिला जन्माला घालणाऱ्या त्या जपानी चित्रकर्तीला विचारलंस?"

चोर तो चोर, वर शिरजोर! मी थयथयाट केला. भाची म्हणाली, "मावशी, माणूस नालायक आहे, पण प्रश्न खरा आहे. मी त्या बाईंचं नाव एकदाही लिहिलं नाही."

मला तिचाही राग आला. अक्कल शिकायची तर चोराकडून?

त्या दुपारी ती जेवली नाही. आपल्या एकेका जुन्या चित्राखाली त्या बाईंचं नाव लिहीत बसली: पोरगी यांची, चित्र माझं. शेवटच्या चित्राखाली एक ओळ जास्त घातली: "बटणं चुकून उलटी पडलीत. चूकही माझीच."

तेवढीच ओळ तिने त्याच्या पेजवर टाकली. तासाभरात त्याने ती पुसली. चित्र अजून तिथेच आहे, आणि माझ्या भाचीची चूक त्याच्या नावावर शाबासकी खातेय.