फरशीखालचे दगड

दिवसभर लोकांचे कपडे शिवून झाले की शिंपीणबाई परसात यायच्या. नदीकाठून वेचून आणलेला एखादा दगड दगड कापायच्या यंत्राच्या पात्याखाली धरायच्या आणि वरून पाण्याची धार सोडायच्या. दगड दुभंगून आतल्या निळ्या-तांबूस रेघा दिसल्या, की लहान पोरीसारख्या हरखायच्या आणि तो घासून चकचकीत करून परसातच मांडून ठेवायच्या. नवरा गेल्यावर याच छंदानं त्यांना सावरलं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या घरी आल्या, तेव्हा मुलानं हात धरून त्यांना थेट परसात नेलं. खाचखळग्यांच्या जागी सपाट, लख्ख फरशी होती.

"आता कुठं ठेच लागायची नाही तुला," तो म्हणाला.

"आणि माझे दगड?"

"भरावाला घातले ना. खाली पक्के बसलेत."

"घासून ठेवलेलेसुद्धा?"

"सगळेच. बाहेरून काही आणावंच लागलं नाही."

मुलगा कौतुकाची वाट बघत होता. "छान केलंस रे," बाई म्हणाल्या.

गुडघा पुढं बरा झाला, पण बाई नदीकडे फिरकल्या नाहीत. मुलानं आग्रह केला, की म्हणायच्या, "चालवत नाही रे आता." तो बिचारा डॉक्टरांनाच बोल लावत राहिला.