हिल्केने स्वतःला पट्टा बांधला, त्याची गोष्ट

बोल्सवर्ड गावात हिल्केला सगळी पोरं ओळखायची. वाढीच्या वयात ज्यांचा पाठीचा कणा वाकडा वळू लागतो, त्यांच्यासाठी तो काखेपासून कमरेखालपर्यंत येणारे प्लास्टिकचे घट्ट पट्टे बनवायचा. माणूस आडमाप, आवाज गावभर ऐकू जाणारा, पण हात फार हलका. माप घेताना पोरांना गुदगुल्या व्हायच्या आणि त्यांच्याआधी हिल्केच खिदळायचा. पट्टा चढवून झाला की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाल बिनधास्त. दोन दिवसांत विसरशील, अंगावर काही आहे म्हणून!"

एका वसंतात तो सायकलवरून कामाला निघाला असताना पुलाखाली, लव्हाळ्यात काहीतरी निळं अडकलेलं दिसलं. त्यावर पिवळी फुलपाखरं. हिल्केने करकचून ब्रेक दाबला. ही फुलपाखरं त्यानेच चिकटवली होती, फेड्डे गवळ्याच्या लेकीसाठी, यिल्दाउसाठी! पट्टा उताणा तरंगत होता आणि आत काटक्या रचून एक पाणकोंबडी ऐटीत अंड्यांवर बसली होती.

त्याच आठवड्यात यिल्दाउची आई, टिट्स्के, लेकीला घेऊन त्याच्या कार्यशाळेत हजर झाली.

"काय सांगू हिल्के, शाळेतून पट्टा चोरीला गेला बघ!"

"चोर सापडलाय की," हिल्के म्हणाला. "पुलाखाली अंडी उबवत बसलाय."

तेरा वर्षांची यिल्दाउ कानापर्यंत लाल झाली. टिट्स्केला उलगडा व्हायला जरा वेळ लागला, पण झाल्यावर तिने असा आवाज लावला की शेजारच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं. "कालव्यात टाकलास? अगं, आत्ताच्या आत्ता काढून आण!"

"नाही काढता येणार," हिल्के म्हणाला. "पिल्लं निघेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही, कायदा आहे."

"चला, तिला तरी आवडला," यिल्दाउ पुटपुटली.

हिल्केला हसू फुटलं, पण पोरीचे डोळे भरलेले पाहून त्याने ते गिळलं. "मला सांग, काय झालं?"

"वर्गातली पोरं पाठीवर टकटक करतात. 'कोणी आहे का घरात?' म्हणतात. पेन खाली पडलं तर वाकता येत नाही. आणि तुम्ही म्हणाला होतात, विसरशील! काका, तुम्ही घातलाय कधी?"

आयुष्यभर पट्टे बनवणाऱ्या त्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "नाही गं," तो म्हणाला.

"मग आधी तुम्ही घाला. आठवडाभर. मग मी नवा घालते, कटकट न करता."

"यिल्दाउ!" आई ओरडली. पण हिल्केने हात पुढे केला होता.

त्याच्या पोटाचं माप घेताना सहकारीण आउक्ये हसून हसून खाली बसली. "हे काही प्लास्टिकच्या एका पत्र्यात मावत नाही हो!" शेवटी दोन पत्रे जोडावे लागले. पट्टा चढला आणि हिल्के पिंपासारखा ताठ झाला.

घरी बायको, बाउके, रोज सकाळी त्याचे मोजे चढवायची. "लग्नात हे कबूल केलं नव्हतं मी," ती म्हणायची. मटारचं घट्ट सूप समोर आलं आणि अर्ध्या वाडग्यातच पोटात जागा संपली. गायनमंडळात वरचा सूर लावायला गेला, तर अर्ध्यावर हवाच संपली. सासूबाईंच्या वाढदिवसाला तो खोल सोफ्यावर बसला आणि पाहुणे घरी गेले तरी तिथेच. उठता येईना, सांगायची लाज! दोन मेहुण्यांनी ओढून काढला.

यिल्दाउ शाळेतून येताना मध्येच कार्यशाळेत घुसायची आणि त्याच्या पोटावर टकटक करायची. "घालताय ना?"

"घालतोय गं बाई! काखेत सोललंय नुसतं."

"माझंही सोललं होतं. सांगितलं तेव्हा म्हणालात, सवय होईल."

हिल्केने कागद-पेन्सिल काढली. त्या दुपारी त्याने तिला शेजारी बसवलं आणि दोघांनी मिळून नवा पट्टा आखला. काखेतली कड खाली घेतली, जेवल्यावर पोटाला फुगायला समोर खिडकी ठेवली. मागचे बंद पुढे आणले. तिला ते आईकडून बांधून घ्यावे लागत, याचीच सगळ्यात जास्त चीड होती. ठरलेलं वाक्य त्याने टाकून दिलं. आता तो नव्या पोरांना सांगायचा, "त्रास होईल. कुठे होतो ते मला येऊन सांग, लाजू नकोस."

यिल्दाउने शब्द पाळला, पण कटकट न करता नव्हे. कटकट भरपूर केली. टकटक करणाऱ्यांना ती सांगू लागली, "मालकीण जेवतेय, उद्या या." चार दिवसांत त्यांची मजा संपली.

सोळाव्या वर्षी तिची उंची वाढायची थांबली. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. कणा सरळ झाला नव्हता, तसा होतही नाही, पण वळण होतं तिथेच थांबलं होतं. शस्त्रक्रिया टळली, पट्टा सुटला.

त्या संध्याकाळी यिल्दाउने बापाच्या गवताच्या गंजीवर इतक्या कोलांट्या मारल्या की दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. टिट्स्केने घाबरून हिल्केला फोन लावला, "अरे, तिची पाठ दुखतेय!"

हिल्केने सगळं ऐकून घेतलं आणि खदखदून हसला. "दुखू दे गं. माझी रोज दुखते."