मान वळवलेलं हरीण

आत्यांनी नाकावर माशी कधी बसू दिली नाही. डोंगरातल्या गुहांमधली आदिमानवाची चित्रं प्रवाशांना दाखवण्यात त्यांची हयात गेली, आणि आगाऊ पाहुण्यांना सरळ करण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं नाव कुणी विचारलंच नाही. सगळ्यांच्या त्या आत्याच.

त्यांची दाखवायची एक रीत होती. आत गेलं की सगळ्यांना खाली बसवायचं आणि बॅटऱ्या बंद करायला लावायच्या. कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "काढणाऱ्याने हजारो वर्षं वाट बघितली, तुम्हाला पाच मिनिटं जड झाली होय?" डोळे अंधाराला सरावले की मग बॅटरी भिंतीच्या कडेने तिरपी धरायची. समोरून झोत टाकला तर नुसता कातळ दिसतो. कडेने टाकला की कोरलेल्या रेषा उठून येतात.

अडचण एवढीच, की आताशा आत्यांनाच दिसेनासं झालं होतं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. सून रोज डोळ्यांत थेंब घालायची आणि तोच विषय काढायची.

"आई, साहेब तिकीट खिडकीवर बसा म्हणतायत ना? सावलीतलं काम आहे. आत कुठे पडलाबिडलात तर?"

"पडले तर उठेन," आत्या म्हणायच्या. "खिडकीत बसून लोकांचे नुसते हात बघत बसू का मी?"

साहेब म्हणजे गुहांचे नवे व्यवस्थापक. आत्यांच्या नजरेबद्दलची कुजबुज त्यांच्या कानावर गेली होती. आज ते स्वतः आत्यांच्या गटाबरोबर फिरणार होते, आणि एक जरी चूक झाली तर उद्यापासून खिडकी, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

"या की," आत्या म्हणाल्या. "घसरणारे बूट तेवढे घालू नका."

आतली वाट आत्यांच्या तळहाताला पाठ होती. कठड्याचा सांधा हाताला लागला की थांबायचं, उजवीकडे वळायचं, समोर हरीण. पण मधे दुरुस्तीसाठी गुहा बंद होत्या आणि त्या दिवसांत कठडा नवा बसवला होता. नव्या कठड्याचा सांधा बराच अलीकडे होता, हे आत्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. सांधा लागला, आत्या थांबल्या, लोकांना बसवलं, बॅटरी तिरपी धरली आणि रंगात येऊन सांगू लागल्या.

"पळता पळता मान वळवून मागे बघतंय, बघा. मागे काय आहे, ते मात्र काढणाऱ्याने काढलेलं नाही."

"वा," कुणीतरी म्हणालं. "दिसलं, दिसलं," म्हणत चार जणांनी फोटो काढले. साहेबही मागे राहिले नाहीत. "डोळे किती बोलके आहेत," ते म्हणाले.

"मला नाही दिसत," मागून एक बाई म्हणाली. "इथे काहीच नाहीये."

"नीट बघ ना," तिचा नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"नीटच बघतेय."

हरणापाशी कपारीतून गार वारा येतो, तो आज अंगाला लागला नव्हता. आपण भलत्याच जागी थांबलोय, हे आत्यांना कळलं आणि त्या धास्तावल्या. बाईला दोन शब्दांत गप्प करणं त्यांच्या हातचा मळ होता. बाकीच्यांनी माना डोलावल्याच होत्या, खुद्द साहेबांनीसुद्धा. नोकरी वाचली असती. पण ज्या हरणापायी सगळं आयुष्य या दगडांत घातलं, त्याच्या जागी कोऱ्या कातळाला वा वा म्हणणाऱ्यांचा त्यांना असा काही राग आला, की भीती कुठल्या कुठे गेली.

"बाई बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "मी चुकले. मला दिसत नाही. आता ज्यांना हरीण दिसलं, त्यांनी ते कुठे दिसलं ते सांगा."

फोटो काढणाऱ्यांचे फोन खिशात गेले. साहेब उगाच खाकरले.

आत्यांनी बॅटरी त्या बाईच्या हातात दिली. "चला पुढे. गार वारा लागेल तिथे बसा, आणि काय दिसतं ते मला सांगा."

वारा लागला. बाईने बॅटरी भिंतीच्या कडेने धरली आणि हळूहळू सरकवत नेली. मग म्हणाली, "एक कान मोडल्यासारखा आहे. आणि मान... आत्या, ते आपल्याकडेच बघतंय."

बाहेर आल्यावर साहेबांनी त्यांना गाठलं. "तुम्ही स्वतःच कबूल केलंत, आत्या. उद्यापासून खिडकी."

"खिडकीवर दिसावं लागतं, साहेब. लोकांचे सुट्टे परत द्यायचे असतात. आत सगळेच आंधळे होऊन येतात, मला तिथेच राहू द्या. नाहीतर लेखी काढा. कारण नीट लिहा. नसलेल्या हरणाचे डोळे तुम्हाला बोलके वाटले, तेही लिहा."

आत्या साहेबांकडे पाठ करून पुढच्या गटासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला दिसत नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "बघायचं काम तुमचं. चला."