चुलीत गेलेली लांब रोटी

रस्त्याच्या कडेला उलट्या मडक्यावर कुणी लांब रोटी भाजत असलं, की करपलेल्या कणकेचा तो वास मला थेट कळमेश्वरला, सासरच्या अंगणात नेतो. लग्नाला चार महिने झाले होते आणि दिराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. "लांब रोटी येते का?" असं कुणीतरी विचारलं आणि नागपूरची पोरगी म्हणून मी ऐटीत "येते" म्हणून मोकळी झाले, खरं तर मी ती फक्त खाल्ली होती. मांडवात पाहुण्यांची पंगत बसलेली, चुलीवर मडकं तापलेलं. ती सैल, लोंबती कणीक मी मोठ्या जाऊबाईंसारखी कोपरापर्यंत हातांवर खेळवली, मडक्यावर टाकली, आणि ती मधोमध फाटून अर्धी चुलीत गेली. धूर झाला, बायकांच्या माना वळल्या. जाऊबाईंची कणीक आजवर कधी बिघडली नव्हती, पण त्याच मोठ्यानं म्हणाल्या, "मीनंच आज जास्त सैल भिजवली, तिचा काय दोष?" मग मला जवळ बसवून हळूच म्हणाल्या, "येत नाही म्हनायला काहून लाजली वं? माह्या तर पहिल्या तीन चुलीत गेल्या होत्या." पंगती उठल्यावर मडक्यावर उरलेली ती करपलेली अर्धी रोटी आम्ही दोघींनी रश्शात बुडवून खाल्ली. परवा ऑफिसात नव्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, कॉम्प्युटरवरचं हे नवीन काम येतं का? "नाही येत, शिकवा," मी म्हणाले. संध्याकाळी जाऊबाईंना फोन करून हे सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, "मंग? काई जळलं काय वं?"